बुडत्या कारखान्याला सरकारी कर्ज: लोकांचं मत शोधायचं कुठे?



पेटची तयारी करणाऱ्या किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या बऱ्याच जणांच्या विषयात 'जनमत' हा शब्द असतो. "अमुक धोरणाविषयी जनमताचा अभ्यास" असं शीर्षक द्यायला सोपं जातं. आजचं जनमत हवं असेल तर प्रश्नावली काढता येते, गुगल फॉर्म फिरवता येतो. पण विषय १९५० सालचा असेल तर काय करायचं? त्या वेळच्या शेतकऱ्याला आपण फॉर्म पाठवू शकत नाही.

मी मुळात संख्याशास्त्राचा विद्यार्थी. एम.एस्सी. करून आर्थिक इतिहासाकडे वळलो. त्यामुळे 'मोजलं कसं?' हा प्रश्न मला आधी पडतो. आज हाच प्रश्न एका विषयावर लावून बघू: अडचणीतल्या उद्योगाला सरकारनं कर्ज द्यावं का, यावर लोकांचं म्हणणं काय होतं? उदाहरणं दोन घेऊ. पहिलं अमेरिकेतल्या मोटार कंपन्यांचं, कारण तिथे सर्व्हेचे आकडे भरपूर आहेत. दुसरं आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या (बोलताना आपण नगरच म्हणतो) सहकारी साखर कारखान्यांचं, जिथे आकड्यांपेक्षा कागदच जास्त बोलतात.

आकडे असले तरी उत्तर सोपं नसतं

२००८ च्या शेवटी अमेरिकेतल्या जनरल मोटर्स आणि क्रायस्लर या कंपन्यांकडे रोजचा खर्च भागवण्यापुरतेही पैसे उरले नव्हते. डिसेंबरमध्ये सिनेटमध्ये मदतीचं विधेयक अडकलं. मग राष्ट्राध्यक्ष बुश यांनी बँकांसाठी काढलेल्या निधीतून १७.४ अब्ज डॉलरचं कर्ज जाहीर केलं. पुढे ओबामांच्या काळात मदत वाढली, दोन्ही कंपन्या दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून गेल्या आणि सावरल्या.

आता लोकांचं मत बघा. प्यू रिसर्च सेंटरनं ऑक्टोबर २००९ मध्ये विचारलं, तेव्हा ही कर्जं अर्थव्यवस्थेसाठी चांगली ठरली असं म्हणणारे ३७ टक्के होते आणि वाईट ठरली म्हणणारे ५४ टक्के. फेब्रुवारी २०१२ मध्ये चांगली म्हणणारे ५६ टक्के झाले आणि वाईट म्हणणारे ३८. कर्ज तेच, देशही तोच. मधल्या काळात फक्त कंपन्या उभ्या राहिल्या होत्या. म्हणजे २०१२ चा आकडा घेऊन "अमेरिकन जनतेचा मदतीला पाठिंबा होता" असं कुणी लिहिलं, तर ते २००८ बद्दल खोटं ठरेल.

दुसरी गंमत प्रश्नाच्या शब्दांची. सप्टेंबर २००८ मध्ये बँकांना वाचवण्याच्या योजनेवर दोन सर्व्हे जवळजवळ एकाच वेळी झाले. प्यूच्या प्रश्नात सरकार वित्तसंस्था आणि बाजार सुरक्षित ठेवण्यासाठी पैसा 'गुंतवत' आहे, असा सूर होता. ५७ टक्के लोक ठीक आहे म्हणाले. लॉस एंजेलिस टाइम्स आणि ब्लूमबर्ग यांच्या प्रश्नात 'करदात्यांच्या पैशातून' खाजगी कंपन्यांना वाचवण्याची भाषा होती. तिथे होकार ३१ टक्क्यांवर आला.

यातून संशोधकानं दोन प्रश्न खिशात ठेवायचे. मत कधी विचारलं? आणि कोणत्या शब्दांत विचारलं? हे प्रश्न घेऊनच आपण नगरला येऊ.

मधला दुवा: मोटार आणि साखर

क्रायस्लरचा आपल्याशी जुना संबंध आहे. १९४० मध्ये वालचंद हिराचंद यांनी भारतात मोटारी बनवण्यासाठी याच क्रायस्लरशी करार केला होता. इंग्रज सरकारनं युद्धकाळात या प्रकल्पाला हात दिला नाही. प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये निघाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडायला १९४७ उजाडलं. मदत नाकारली गेली, त्यामुळे भारतीय उद्योगाला सरकार मुद्दाम मागे ठेवतं, ही भावना त्या काळात आणखी पक्की झाली.

वालचंद हे साखरेतलंही मोठं नाव, आणि साखरेच्या बाबतीत सरकारचा हात वेगळा होता. १९३२ च्या साखर उद्योग संरक्षण कायद्यानं आयात साखरेवर जबर जकात बसली. चार-पाच वर्षांत देशातले तिसाच्या आसपासचे कारखाने शंभराच्या वर गेले. ही कर्जाची मदत नव्हती, पण मदतच होती. तिचा भार साखर विकत घेणाऱ्यानं उचलला. त्या कारखान्यांपैकी काही आपल्या जिल्ह्यात उभे राहिले, आणि इथूनच नगरची गोष्ट सुरू होते.

१९५० पूर्वीचं नगर: कंपनी आणि बागाईतदार

भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. प्रवरेच्या कालव्यांनी श्रीरामपूर, राहाता, राहुरीकडची जमीन भिजली. त्याआधी गोदावरीचे कालवे कोपरगावकडे आले होते. पाणी आलं तसा ऊस आला आणि उसामागे खाजगी कारखाने आले. हरेगावची बेलापूर कंपनी, टिळकनगरचा महाराष्ट्र शुगर मिल्स, साकरवाडीचा गोदावरी शुगर मिल्स ही नावं जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना आजही पाठ आहेत.

या कंपन्यांनी ऊस पिकवण्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानं घेतल्या. 'खंडकरी शेतकरी' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. या जमिनी पुढे कमाल जमीन धारणा कायद्यात सरकारकडे गेल्या, १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे आल्या आणि मूळ मालकांच्या वारसांना परत मिळायला कित्येक दशकं लागली. हा संदर्भ सोडून त्या भागातलं कारखान्यांविषयीचं मत समजणार नाही. 'कंपनी' म्हणजे जमीन नेणारी, असा तिथला अनुभव होता.

छोट्या बागाईतदाराकडे गुळाशिवाय फारसा पर्याय नव्हता आणि गुळाचा भाव कधी कोसळेल याचा भरवसा नव्हता. १९४५ मध्ये कालव्यांवरच्या बागाईतदारांची परिषद बेलापूरला झाली. अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. शेतकऱ्यांनी स्वतःचा सहकारी कारखाना काढावा, हा विचार तिथे पुढे आला. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी तो मनावर घेतला आणि गावोगाव फिरून भागभांडवल गोळा केलं. ३१ डिसेंबर १९४८ ला संस्थेची नोंदणी झाली. १९५० च्या अखेरीस प्रवरेचा कारखाना सुरू झाला, रोज ५०० टन ऊस गाळण्याच्या क्षमतेचा. गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष होते.

पण नुसत्या शेतकऱ्यांच्या पैशात कारखाना उभा राहत नव्हता. मुंबई सरकारनं, ज्यात वैकुंठभाई मेहता सहकार आणि अर्थ खातं पाहत होते, भागभांडवलात हिस्सा घेतला. आणि नुकत्याच, म्हणजे १९४८ मध्ये, सुरू झालेल्या भारतीय औद्योगिक वित्त महामंडळाकडून सरकारी हमीवर कर्ज मिळालं. म्हणजे महाराष्ट्रातल्या सहकारी साखर उद्योगाच्या पायात पहिल्या दिवसापासून सरकारचा पैसा आहे. अडचणीत आल्यावर सरकार धावून आलं, असं इथे झालं नाही. सरकार आधीपासूनच भागीदार होतं.

'हमी' दिसत नाही

इथे थोडं तांत्रिक. सरकार तीन प्रकारे मदत करतं: भागभांडवल, थेट कर्ज आणि हमी (बोलीभाषेत थकहमी). पहिल्या दोनांत तिजोरीतून पैसा बाहेर जातो, अंदाजपत्रकात आकडा दिसतो. हमीत सरकार बँकेला सांगतं की कारखान्यानं पैसे बुडवले तर आम्ही भरू. त्या दिवशी तिजोरीतून काहीच जात नाही. बोजा दिसतो तो दहा-पंधरा वर्षांनी, कर्ज थकल्यावर.

नंतरच्या काळात नव्या सहकारी कारखान्यांसाठी जे सूत्र रूढ झालं, ते होतं १० टक्के सभासदांचे, ३० टक्के सरकारचे आणि ६० टक्के कर्ज, तेही बहुधा सरकारी हमीवर. शंभर रुपयांच्या कारखान्यात शेतकऱ्याचे दहाच रुपये. मालक मात्र कागदावर तोच.

जनमताच्या अभ्यासात याचा अर्थ असा की, जी मदत लोकांना दिसत नव्हती तिच्यावर त्यांचं मत कागदपत्रांत सापडणार नाही. ते न सापडणं म्हणजे संमती नव्हे. सिनॉप्सिसमध्ये "स्थानिक पातळीवर विरोध आढळत नाही" असं वाक्य लिहिण्यापूर्वी विचारा: विरोध करण्याइतकी माहिती लोकांपर्यंत पोचली होती का?

मग मत शोधायचं कुठे?

सर्व्हे नसतील तर माणसांनी काय केलं ते बघायचं. पण प्रत्येक कृती म्हणजे मत नसतं. चार उदाहरणं बघू.

पहिलं, शेअर. १९४८-५० मध्ये ज्यानं शेअर घेतला, त्यानं न उभ्या राहिलेल्या कारखान्यासाठी स्वतःच्या गाठीचे पैसे दिले. ते बुडण्याची शक्यता होती. म्हणून त्या काळची भागधारकांची यादी मताचा भक्कम पुरावा आहे. कोणत्या गावानं पैसे दिले, कोणत्या गावानं दिले नाहीत, हे त्यात दिसतं. पुढच्या काळात मात्र रक्कम ऊसबिलातून कापली जाऊ लागली. बिनपरतीच्या ठेवी अशाच जमल्या. ऐंशीच्या दशकातला ठेवींचा मोठा आकडा बघून "शेतकऱ्यांचा कारखान्यावर विश्वास होता" असं लिहिता येणार नाही. कपात झाली, एवढंच त्यावरून कळतं.

दुसरं, ऊस. शेतकरी नाराज असला की ऊस दुसऱ्या कारखान्याला घालतो. म्हणजे कोणत्या कारखान्याला किती ऊस गेला हे बघून मत मोजता येईल? येईल, पण झोनबंदी उठल्यानंतरच्या काळासाठी. झोनबंदी होती तोवर ठरलेल्या क्षेत्राबाहेर ऊस नेताच येत नव्हता. शेतकरी संघटनेनं त्याविरुद्ध आंदोलनं केली ती उगाच नाहीत. शिवाय ऊस उभा वाळू द्यायचा नसेल तर जो कारखाना आधी तोड देईल त्याला घालावा लागतो. यात मत किती आणि नाइलाज किती, हे आकड्यातून वेगळं काढता येत नाही.

तिसरं, वार्षिक सर्वसाधारण सभा. इतिवृत्तात 'सर्वानुमते मंजूर' लिहिलेलं असतं. ज्यानं एकदा तरी अशी सभा पाहिली आहे, त्याला माहीत आहे की विषय वाचून व्हायच्या आत समोरच्या रांगांतून 'मंजूर, मंजूर' सुरू होतं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मात्र 'सभेत गोंधळ' अशी बातमी असू शकते. म्हणून इतिवृत्त आणि वर्तमानपत्र शेजारी ठेवून वाचा. नगर जिल्ह्यासाठी दैनिक सार्वमतचे जुने अंक चाळा, पण हेही लक्षात घ्या की जिल्हा दैनिकांच्या जाहिरातींत कारखान्यांचा वाटा असतो.

चौथं, निवडणूक. संचालक मंडळाच्या निवडणुकीत पॅनल जिंकलं म्हणजे त्याच्या आर्थिक धोरणाला मान्यता मिळाली, असं म्हणणं घाईचं. नातं, गाव, गट, आमदारकी, सगळं त्या मतपेटीत मिसळलेलं असतं.

आता या चारांत काय समान आहे ते बघा. मत व्यक्त करताना माणसाला काही किंमत मोजावी लागली का, आणि दुसरा रस्ता त्याच्यापुढे मोकळा होता का? दोन्हीचं उत्तर 'हो' असेल तिथे पुरावा भक्कम. १९४९ चा शेअर या कसोटीला उतरतो. पुढची कपात, झोनबंदीतला ऊस आणि 'मंजूर'चा गजर उतरत नाही. वरवर पाहिलं तर नगरमध्ये पन्नास वर्षं सरकारी मदतीवरच्या कारखानदारीला एकसारखा पाठिंबा दिसतो. कसोटी लावली की त्यातला बराचसा पाठिंबा गृहीत धरलेला निघतो.

कर्ज थकलं तेव्हा

नव्वदच्या दशकापासून अनेक सहकारी कारखाने आजारी झाले. २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेनं राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ बरखास्त केलं. कर्ज थकलेले कारखाने विकले जाऊ लागले. जिल्ह्यात पारनेरचा कारखाना विकला गेला आणि त्या विक्रीविरुद्ध सभासद आणि कामगार न्यायालयात गेले. राहुरीचा तनपुरे कारखाना कर्जापायी बंद पडला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा बंद पडला. तिथल्या कामगारांनी थकीत पगारासाठी आंदोलनं केली.

ही आंदोलनं मताचा पुरावा म्हणून फार मोलाची आहेत, कारण त्यांची किंमत होती. रोजगार बुडवून, कोर्टाचा खर्च करून लोक उभे राहिले. आणि त्यांची मागणी नीट वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. कारखाना सुरू राहावा, असं म्हणणारेच कर्जाचा हिशेब मागत होते. 'सरकारी मदतीच्या बाजूचे' आणि 'विरोधातले' असे दोन कप्पे केले तर ही माणसं कुठेच बसत नाहीत. त्यांचा आक्षेप कर्जाला नव्हता. कर्ज कुणाच्या सहीनं घेतलं, कुठे गेलं आणि फेडायचं कुणी, हा त्यांचा प्रश्न होता.

इथे अमेरिकेतला शब्दांचा मुद्दा परत येतो. २०१३ च्या अखेरीस केंद्रानं साखर कारखान्यांसाठी ६,६०० कोटींची बिनव्याजी कर्जयोजना आणली, २०१५ मध्ये आणखी ६,००० कोटींची सवलतीच्या कर्जाची. दोन्ही शेतकऱ्यांची थकलेली ऊसबिलं देण्यासाठी. याच योजनेला 'कारखानदारांना कर्ज' म्हणा किंवा 'शेतकऱ्यांची थकबाकी' म्हणा, पारावर बसलेल्या माणसाचं उत्तर बदलेल. २०२४ मध्ये राज्याच्या हमीवर राष्ट्रीय सहकारी विकास निगमाकडून काही कारखान्यांना मोठी कर्जं देण्याचा निर्णय झाला, तेव्हा वाद मुख्यतः 'द्यावं का' यावर नव्हता. 'आमच्या कारखान्याला का नाही, त्यांच्याच का' असा होता आणि सत्तेजवळच्यांना झुकतं माप दिल्याचे आरोप झाले. प्रश्नावली बनवताना हा फरक सुटला तर तुमचे दोनशे फॉर्म वाया जातील.

जे कुठल्याच यादीत नाहीत

आणखी एक गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. कारखान्याचा सभासद होण्यासाठी उसाची जमीन लागते. म्हणजे इतिवृत्त, भागधारकांची यादी, निवडणूक या सगळ्या कागदांत फक्त बागाईतदार बोलतो, तोही बहुतेक वेळा पुरुष, कारण सातबारा त्याच्या नावावर.

आपल्या जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन चेहरे आहेत. उत्तरेत कालवे, ऊस, कारखाने. दक्षिणेत पाथर्डी, जामखेडसारखे दुष्काळी तालुके. पाथर्डीतून दर दिवाळीच्या सुमाराला ऊसतोड मजुरांच्या टोळ्या मुकादमाकडून उचल घेऊन कोयत्यावर निघतात. सरकारी हमीवर उभ्या असलेल्या कारखान्यावर त्यांचंही पोट आहे, आणि करदाते म्हणून (रोजच्या खरेदीवर कर तेही भरतात) त्या हमीचा भारही त्यांच्यावर आहे. पण ते सभासद नाहीत, मतदार नाहीत आणि कामगार म्हणूनही कारखान्याच्या पटावर नाहीत. कारखाना बुडाला तर त्यांची उचल अंगावर राहते. त्यांना कुणी विचारलं, की हा कारखाना वाचवायला सरकारनं पैसे द्यावेत का?

"नगर जिल्ह्यातील जनमत" असं शीर्षक घेऊन फक्त उत्तरेकडच्या सभासदांचे कागद वाचले, तर तो सभासदांच्या मताचा अभ्यास होईल. त्यात गैर काही नाही, पण शीर्षकात तसं लिहा.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

असा विषय घेणार असाल तर काही कामाच्या सूचना:

१. शीर्षकात 'जनमत' लिहिण्याआधी कुणाचं मत ते ठरवा: सभासद, कामगार, ऊसतोड मजूर, की कालव्याबाहेरचा शेतकरी.

२. काळाचे तुकडे धोरणावरून पाडा, दशकांवरून नाही. झोनबंदीच्या आधी आणि नंतर, कारखाना चालू असताना आणि बंद पडल्यावर. अमेरिकेतला २००९ आणि २०१२ चा फरक आठवा.

३. प्रत्येक पुराव्यापुढे दोन रकाने करा: 'किंमत मोजली का?' आणि 'पर्याय होता का?' हा तक्ता तुमच्या संशोधन पद्धतीच्या प्रकरणात सरळ जाऊ शकतो.

४. विधिमंडळातल्या छापील चर्चा आणि महालेखापरीक्षकांचे अहवाल जरूर वाचा. हमीचा न दिसणारा पैसा तिथेच दिसायला लागतो.

५. मुलाखत घेताना 'कर्ज द्यावं का' असं एकच विचारू नका. 'कुणी सही केली, कुणी फेडलं, कारखाना बंद झाल्यावर घरात काय बदललं' हे विचारा. माणसं हो-नाही देऊन थांबत नाहीत, सविस्तर सांगतात.

जिल्ह्यातल्या पहिल्या सभासदांची पिढी आता जवळजवळ संपली आहे. पण बंद कारखान्यांचे निवृत्त कामगार, टोळीत वयाची चाळीस वर्षं घालवलेल्या बाया अजून आहेत. कारखाना विकला जातो तेव्हा त्याची दफ्तरंही कुठे जातील सांगता येत नाही. तेव्हा हा विषय कुणाच्या मनात असेल तर गाइड मिळेपर्यंत थांबू नका. वही घ्या, आधी पाथर्डीला जा, मग लोणीला.